घारीच्या वर बसवलेला माणूस

परतूर स्टेशनवर उतरले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि बगलेत पुठ्ठ्याची लांब नळी. नाशिकरोडला गाडीत बसल्यापासून या नळीने मला बरंच बोलतं केलं होतं. मनमाडला एका आजोबांनी विचारलं, "गळ आहे का मासे धरायचा?" जालन्याला चढलेल्या एका गृहस्थांनी तर पाय वर घेतले आणि हळूच म्हणाले, "बंदूक तर न्हाई ना बाई?" मी झाकण काढून त्यांना आतला कागद दाखवला. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार आणि सगळ्यांच्या वर कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस.

"अच्छा, शाळेचं हाय," म्हणून त्यांनी पाय खाली सोडले.

शाळेचंच आहे. मी गेली कित्येक वर्षं शाळांच्या भिंतींवर लावायचे तक्ते रंगवते. ज्ञानेंद्रियं, फुलाचे भाग, पावसाचं चक्र, अन्नसाखळी. यातले बरेचसे प्राणी मी पाहिलेले नाहीत. लांडगा मी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यावरून काढते. तक्ते छापून गावोगाव जातात, फाटतात, नवे मागवले जातात. त्यांच्याबद्दल मला आजवर कुणी पत्र लिहिलं नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर ते आलं. प्रकाशकाच्या पत्त्यावर, कुंभार पिंपळगावजवळच्या एका खेड्यातल्या शिक्षकाचं. त्यांनी लिहिलं होतं, 'फाटलेला तक्ता चिकटवायला मी घरी नेला होता. माझी आई निरक्षर आहे, पण चित्रं बारकाईने पाहते. तिने वरच्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, याला इथं कुणी बसवलं? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का?'

मी दोन वेळा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा कागद टाकून दिला. खरं उत्तर असं होतं की प्रकाशकाने सांगितलं म्हणून मी बसवला. शेवटी शिक्षकांना फोन केला आणि म्हटलं, मीच येते. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

परतूर कापसाच्या दिवसांत पांढरं असतं हे मला माहीत नव्हतं. स्टेशनबाहेर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना उडालेला कापूस चिकटला होता, जणू त्या झाडांनाच बोंडं आली होती. मी घाईघाईत एका जीपमध्ये चढले. ती आष्टीची निघाली. गावाबाहेर आल्यावर शेजारच्या बाईंनी "तुम्हाला जायचं कुठं?" असं विचारलं तेव्हा ते कळलं. ड्रायव्हरने जीप थांबवली आणि "मागं चालत जा, दहा मिनिटं लागतेत," म्हणून मला उतरवलं. वीस मिनिटं लागली.

कुंभार पिंपळगावला पोचले तो बाजाराचा दिवस होता. शिक्षक मला घ्यायला येणार होते आणि खूण म्हणून त्यांनी सुकटीचं दुकान सांगितलं होतं. समुद्रापासून इतक्या आत, तुरीच्या आणि ज्वारीच्या या मुलखात, पोत्यांवर बोंबील आणि सुकट पसरून बाई बसली होती आणि तिच्याभोवती गर्दी होती. मला वाटलं, ही सुकट माझ्या तक्त्यात कुठं बसवायची? समुद्रातला जीव जायकवाडीच्या कालव्यापलीकडच्या माणसाच्या ताटात. मी नळी सावरत उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताई? नळीवरून ओळखलं. मी मिलिंद."

मिलिंद सर चाळिशीचे, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांच्या मोटारसायकलवर बसून आम्ही गावी निघालो. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यातली माणसं तिथं राहतात, त्यांना रोज एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

घर गावाच्या पूर्वेला होतं. पक्कं, दोन खोल्यांचं, पुढे अंगण, अंगणात एक पिवळी जेसीबी. ती धाकट्या भावाची, राहुलची. कर्ज काढून घेतलेली आणि दिवसातून एकदा धुतली जाणारी. दारात खुर्चीवर सरांची आई बसली होती. कौसाबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, केस पांढरेशुभ्र, नजर मात्र अशी की आपण काहीतरी लपवलंय असं समोरच्याला वाटावं.

"याच का त्या चित्रवाल्या?" त्यांनी विचारलं. आणि मग माझ्याकडे बघून, "आधी जेवा. मंग भांडू."

जेवायला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसाल्याच्या पिठाची आमटी). सोबत कच्चा कांदा आणि तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. येसर इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. राहुल हसला आणि म्हणाला, "म्याडम, हे तर पाव्हण्यांसाठी कमी केल्तं."

सकाळी उठले तर दोन्ही हातांवर आणि मानेवर लाल गांध्या. मी ज्या बाजेवर झोपले होते तिच्या पलीकडेच शेळ्या बांधत, आणि शेळ्यांच्या पिसवांनी रात्रभर माझ्यावर ताव मारला होता. कौसाबाईंनी खोबरेल तेल आणून दिलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "नाशिकवरून आल्या आन आमच्या पिसवांचं जेवण झाल्या."

त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. मिलिंद सरांनी मला सातवीच्या वर्गात नेलं. मी फळ्यावर खडूने गवत, नाकतोडा, बेडूक वगैरे काढलं आणि विचारलं, माणूस कुठं काढू? बहुतेक हात 'सगळ्यात वर'ला गेले. कारण विचारलं तर एकजण म्हणाला, "तो समदं खातो, त्याला कोणी खात न्हाई." दुसऱ्या रांगेतली एक मुलगी बराच वेळ माझ्या हातावरच्या गांध्या बघत होती. ती उठून म्हणाली, "पर म्याडम, डास माणसाला खातो. डासाला बेडूक खातो. मंग माणूस तर गवताच्या जागी झाला की."

वर्ग हसला. मीही हसले. पण मी खडू घेऊन फळ्यासमोर उभीच राहिले, कारण ती चुकत होती कुठं ते मला सांगता येईना. घंटा झाली म्हणून सुटले.

दुपारी कौसाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर तक्ता उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. त्यांनी वरच्या माणसावर बोट टेकवलं.

"ह्यो कोन?"

"माणूस."

"कोन्ता?"

"कोणता म्हणजे... माणूस. सगळी माणसं."

"समदी कशी एका जागी बसतीन?" त्या म्हणाल्या आणि सुपातले खडे बाजूला काढत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनीच सुरुवात केली. ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते; त्यातलं काही सावरून लिहायला गेले तर खोटं होईल.

"मी सात-आठ वर्साची असंन. गावात कुणाचं ढोर मेलं की आमाला सांगावा यायचा. वढून न्यायचं आमी, फाडायचं आमी. कातडं मालकाला द्यायचं, मास आमाला. पर सांगावा यायच्या आधी आभाळात गिधाडं दिसायची. गोल गोल. ती दिसली की आमी पोरं पळायचो. गिधाडं, कुत्री आन आमी. माझा बाप कुत्र्याला दगड मारायचा, गिधाडाला न्हाई. म्हणायचा, ती आपल्यावानीच हायेत, त्यांला बी कुणी बोलवत न्हाई. मास लई असलं की आय त्याच्या चान्या करायची (पट्ट्या कापून उन्हात वाळवलेलं मांस). पावसाळाभर पुरायच्या."

"मंग धम्म घेतला. बाप म्हणला, आता बास. वढायचं न्हाई, खायचं न्हाई. तवाच गावात एक म्हैस मेल्ती. गाव वाट बघून राह्यलं की येतेत हे, जातेत कुठं. आमी गेलो न्हाई. घरात दाना नव्हता, काम बंद केल्तं गावानं. वास यायचा घरापत्तूर. बाई, मला त्या वासानं भूक लागल्ती. आयनं माझ्या नाकावर पदर धरला आन ती रडून राह्यली होती. गिधाडांनी खाल्ली म्हैस. आमी दुरून बघत बसलो. पहिल्यांदा आमी नुसते बघणारे होतो, खाणारे न्हाई."

सुपातली तूर त्यांनी टोपलीत ओतली.

"मंग आता तुमी सांगा. आमी वर गेलो का खाली गेलो?"

वर, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण उपाशी लेकराच्या नाकावर पदर धरणारी आई वर गेली असं म्हणणं फार सोपं वाटलं, आणि खाली तर ती नक्कीच गेली नव्हती. मिलिंद सर मागे उभे होते. त्यांनी हे आधी ऐकलेलं असणार, तरी ते जमिनीकडे बघत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं की गिधाडं आता या भागात दिसत नाहीत. गुरांना दुखण्यावर जे इंजेक्शन देत, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि ती संपली. "पोरांना शिकवताना मी गिधाडाचं चित्र दाखवतो," ते म्हणाले. "जवळून पाहिलेली आमच्या घरात फक्त आई."

मी तक्ता गुंडाळून नळीत घातला आणि ठरवलं की प्रकाशकाला सांगायचं, हा तक्ता मी यापुढे काढणार नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. त्याच संध्याकाळी फोन करून तसं सांगूनही टाकलं. तो विषय तिथं संपला, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी अंगणात चहा पीत होते. राहुल पाइपाने जेसीबी धूत होता. अंगणाच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, वर स्वेटर, हातात टोपी. हे बाबाराव. सरांच्या घरामागे ओढ्यापलीकडे यांची जमीन आणि शेतातच घर. गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. मुलगा पुण्याला कंपनीत, घरी हे आणि बायको दोघंच.

"बैल गेला," ते म्हणाले. "हरण्या."

राहुलने पाइप खाली धरला. पाणी त्याच्या चपलांवर वाहत राहिलं. मिलिंद सर घरातून बाहेर आले आणि दारातच थांबले. मला वाटलं, शेजारी दुःख सांगायला आलाय. मी म्हणाले, "अरेरे, काय झालं होतं?" माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथं दुसरंच काहीतरी चाललं आहे.

"मंग?" राहुल म्हणाला.

"मंग काय... खड्डा पायजे होता. मशीन घिऊन आला असता तर."

"आमच्याच घरी आलात?"

"गावात मशीन तुझ्याचकडं हाय की रे. पिंपळगावची कालव्यावर गेली."

"काका, बराबर सांगा. मशीनसाठी आलात का आमच्यासाठी?"

बाबाराव गोंधळले. त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मशीनसाठीच," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा हळू, "मशीनसाठीच आल्तो." मला ते खरं वाटलं. पण पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा म्हणण्यात जो फरक होता, तो त्यांनाही जाणवला असावा, कारण त्यांची मान खाली गेली. गावात मशीन एकच आणि ते याच घरात, हा कुणाचा दोष? दोष नव्हताच. तरी सगळ्यांचे चेहरे असे होते की जणू कुणीतरी जुनी वस्तू उकरून अंगणात आणून टाकली आहे.

राहुलने पाइप फेकला. "मी येत न्हाई," म्हणून तो जेसीबीच्या पलीकडे गेला.

"कशानं गेला बैल?" आतून कौसाबाईंचा आवाज आला. त्या काठी टेकत बाहेर आल्या.

"किराळ लागली, कौसाबाई. कडवळाला (चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीला) कोवळे फुटवे आल्ते. दावं तोडून गेला आन खाल्ले. सकाळी बघतो तर पडेल." कोवळ्या ज्वारीत विष असतं, हे मला सरांनी नंतर समजावलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की सत्तरीचा माणूस टोपीने नाक पुसतो आहे.

कौसाबाईंनी राहुलला हाक मारली. "खड्डा खोद."

"माय!"

"घराच्या पायाला खोदतो, संडासाला खोदतो. तसाच खोद."

"आन वढायचं कोणी?"

"ज्याचा हाय त्यानं."

राहुल बाबारावांकडे वळला. "तासाचा जो भाव समद्यांला हाय त्योच घेईन. कमी न्हाई, जास्त न्हाई. बलुत्यावानी धान्य तर बिलकुलच न्हाई. आन मेलेलं जनावर माझ्या बकेटीत उचलणार न्हाई."

"बराबर हाय," बाबाराव म्हणाले.

मला सरांनी घरीच थांबायला सुचवलं. मी थांबले नाही. इतक्या लांब येऊन पाठ फिरवणं मला जमेना, आणि तिथं जाऊन करणार काय तेही कळत नव्हतं. ओढा ओलांडून आम्ही गेलो.

हरण्या गोठ्याजवळ पडला होता. पोट फुगून पखालीसारखं झालेलं, पाय ताठ. शिंगांना पोळ्याचा रंग अजून थोडा शिल्लक होता. लिंबाखाली चार कुत्री बसली होती, अगदी शिस्तीत, जेवणाची पंगत बसायची वाट पाहिल्यासारखी. मी वर आभाळात पाहिलं. निळं, स्वच्छ, रिकामं. दोन कावळे होते तेवढेच.

गोठ्याजवळ खाली मुरूम होता, म्हणून राहुलने पन्नास पावलांवर बांधाच्या कडेला खड्डा घेतला. काळ्या मातीत बकेट सहज शिरत होती. खड्डा झाल्यावर त्याने मशीन बंद केलं आणि केबिनमध्येच पाठ फिरवून बसला. रस्त्यावर बाबारावांच्या भावकीतली पाच-सहा माणसं येऊन उभी होती. कुणी नाकाला रुमाल लावला होता, कुणी फोनवर बोलत होतं. त्यातल्या पुतण्याने आपला ट्रॅक्टर आणून दिला आणि तो पुन्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बैलाला हात लावायला कुणी पुढे येईना.

बाबारावांनी स्वतः दोर आणला. तो हरण्याच्या गळ्यात अडकवून ट्रॅक्टरला बांधला. मिलिंद सर मध्येच म्हणाले, "ट्रॅक्टर मी चालवतो," आणि चढले. त्यांनी ते का केलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. दोर ताणला, बैलाची मान लांबली, धड हललं नाही. दोर निसटून तोंडावरून सुटला आणि तो धरून बाजूला उभे असलेले बाबाराव पाठीवर आपटले. मी धावले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दुसऱ्यांदा त्यांनी शिंगांना दोर बांधला. पुन्हा तेच. त्यांची बायको गोठ्याच्या दाराशी तोंडाला पदर लावून रडत होती. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "जल्दी करा, ऊन चढून राह्यलं!"

तेव्हा बांधावरून आवाज आला.

"बाबाराव, गळ्याला न्हाई बांधत."

कौसाबाई कधी आल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. काठी बाजूला ठेवून त्या बांधावरच्या दगडावर बसल्या होत्या.

"मागचे दोन्ही पाय धरा. जवळ घ्या. दोर खुराच्या वर, गाठीच्या वर. हां. आता दोन येढे. एक येढा मधून काढा."

बाबाराव गुडघ्यावर बसले. बैलाचे ताठ पाय त्यांनी जवळ घेतले. गाठ चुकली.

"तशी न्हाई. सोडा. परत."

त्यांनी सोडली, परत बांधली. केबिनमध्ये राहुलने मान वळवली होती आणि तो आईकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की भीती, मला ठरवता आलं नाही. कौसाबाई एकदाही उठल्या नाहीत. त्यांचे हात मांडीवर होते. फक्त त्यांची बोटं आपसूक हलत होती, दोर नसताना गाठ मारत होती.

"आता वढा. सावकाश. पाठीवर येऊ द्या त्याला."

हरण्या हलला. मातीत रुंद पट्टा उमटत गेला. खड्ड्याच्या तोंडाशी बाबारावांनी दोर सोडला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं. वरून मीठ टाकलं. राहुलने माती लोटली. लिंबाखालची कुत्री उठून आळस देऊन निघून गेली.

बाबाराव बांधापर्यंत आले. "कौसाबाई, तुमी नसत्या तर..."

"मी काय केलं?" त्या एकदम तुटकपणे म्हणाल्या. "मी बसेल होते."

ते घराकडे वळले. उंबऱ्यापासून दहा पावलांवर त्यांच्या बायकोने त्यांना थांबवलं. मेलेल्या जनावराला हात लागला होता, आंघोळ होईपर्यंत आत घ्यायचं नव्हतं. तिने तांब्या उंच धरून, स्पर्श होणार नाही असा, त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. बाबाराव ओंजळ खाली धरून आपल्याच अंगणाच्या कडेला उभे होते. मी कौसाबाईंकडे पाहिलं. त्याही ते पाहत होत्या. मग त्यांनी काठी उचलली आणि म्हणाल्या, "चला, भाकरी टाकायच्या हायेत."

त्या दिवशी राहुल जेवायलाच आला नाही. जेसीबीची बकेट त्याने तीन वेळा धुतली, बैलाला ती लागलीही नव्हती.

सोमवारी सकाळी मिलिंद सरांनी मला परतूरला सोडलं. वाटेत दोन्हीकडे ऊस होता, मोसंबीच्या बागा होत्या, पाठीवर बगळा घेऊन चरणारी एक म्हैस होती. एरवी मी मोटारसायकल थांबवून चित्र काढलं असतं. स्टेशनवर सरांनी पिशवीतून डबा काढून दिला. धपाटे होते. "आईने दिलेत. पण ती कालपासून नीट बोलत नाही," एवढंच ते म्हणाले. गाडी आली आणि मी चढले.

प्रवासाहून परतलं की लोक विचारतात, काय पाहिलंत? मी सांगते, कापूस पाहिला, मोसंबी पाहिली, तिखट खाल्लं. बाकीचं सांगायला घेतलं की माझंच वाक्य अर्ध्यावर थांबतं. बाबाराव मशीनसाठीच आले होते का? राहुल चिडला ते बरोबर होतं का? बैलाला हात लावलेल्या माणसावर उंचावरून पाणी पडताना मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं, आणि लगेच त्याची लाजही वाटली होती. यातलं खरं काय? मला वाटायचं, कौसाबाईंना तरी हे सगळं स्वच्छ दिसत असणार. बांधावर बसून त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यात जराही घोटाळा नव्हता.

आठ दिवसांनी दुपारी फोन वाजला. मिलिंद सरांचा नंबर, पण आवाज कौसाबाईंचा.

"बाई, पोचल्या का बराबर?"

"पोचले आई. तुम्ही कशा आहात?"

"राहुल बोलून न्हाई राह्यला माझ्याशी. म्हणतो, तू का सांगितलं? पडू द्यायचा होता म्हणतो. सडू द्यायचा होता." मागे शेळी ओरडत होती. "त्याचं चुकलं न्हाई. माझ्या बापानं इतकी वर्सं झाली, सोडलं. उपाशी राहून सोडलं. आन मी म्हातारपणी काय केलं? हातानं न्हाई वढला, पर तोंडानं वढलाच की मी त्याला."

"तसं नाही आई..."

"मंग कसं हाय? त्यो म्हातारा दोन बार पडला. तिसऱ्या बारी मेला असता. मी गप बसले असते तर मला झोप आली नसती. बोलले तर बी येत न्हाई. तुमी शिकलेल्या हायेत. खरं सांगा. मी सांगायला पायजे होतं का न्हवतं?"

मी खिडकीपाशी उभी होते. त्यांना धीर येईल अशी चार-पाच वाक्यं माझ्या मनात तयार होती आणि त्यातलं एकही मला खरं वाटत नव्हतं.

"मला कळत नाही आई," मी म्हणाले. "खरंच कळत नाही. रोज विचार करते."



"मंग बरंय," कौसाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मला एकटीलाच कळून न्हाई राह्यलं."